विहिरीच्या तळाचं जांभूळ

१

दर शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाली की निजामोद्दीन जेवायच्या आधी फळ्या तोलायला बसायचा. सालेहा ताट झाकून ठेवायची आणि दारातूनच म्हणायची, "घरात मी पन एक हाय म्हनावं. आठवड्यातून एकदा मला बी उचलून बघत जा." नवराबायको घरात दखनीच बोलत. सालेहाला राग आला की ती मराठीवर यायची, आणि त्या वर्षी ती बहुतेक मराठीतच होती.

अहमदपूरच्या जुन्या बाजारगल्लीत त्यांचं घर. पुढं दुकान, मागं दोन खोल्या. हैदराबादेत बारा वर्षं वाद्यांच्या कारखान्यात काढून तो परत आला, तेव्हा गिटार बनवणारा माणूस इथं काय खाणार असं गल्लीला वाटलं होतं. पण पेट्यांचे भाते बदलणं, बुलबुल तरंगाच्या तारा बसवणं यावर चूल पेटत होती, आणि वर्षाकाठी एखादी गिटार व्हायची. नांदेडच्या ऑर्केस्ट्रावाल्यांना त्याचं नाव माहीत होतं. लाकूड स्वतः निवडायचं, स्वतः मुरवायचं आणि ते पुरतं वाळल्याशिवाय त्याला करवत लावायची नाही, एवढीच त्याची कारागिरी, असं तो सांगायचा. बाकी सगळं हात करतात.

लातूर वेगळा जिल्हा होऊन तिसरं वर्ष लागलं होतं. दुकानाच्या पाटीवरचं 'जि. उस्मानाबाद' त्यानं खरवडून काढलं आणि 'जि. लातूर' लिहिलं. जिल्हा नवा मिळाला, पाणी मात्र जुन्या जिल्ह्यातच राहिलं, असं सालेहा म्हणायची. पावसानं सलग दुसऱ्या वर्षी पाठ फिरवली होती. गल्लीत तिसऱ्या दिवशी टँकर यायचा आणि घराला दोन घागरी मिळायच्या. त्या दोन घागरींसाठी सालेहा पहाटेपासून रांगेत उभी राहायची आणि भांडून भांडून घसा बसवून घ्यायची.

निजामोद्दीनची काळजी वेगळी होती. दोन वर्षांपासून त्याच्या डाव्या कानात बारीक सूं वाजत होतं. कान गेला की त्याचं सगळंच गेलं. फळीवर बोट आपटून तिचा आवाज ऐकता आला नाही तर लाकूड निवडायचं कसं? हदगावला सालेहाच्या भावाचं पंक्चरचं दुकान होतं. तो दर ईदला म्हणायचा, "दूल्हाभाई, या इकडं, बसल्या जागी हवा भरा." तो प्रेमानं म्हणायचा, पण निजामोद्दीनला ते ऐकलं की रात्रभर झोप लागत नसे. कानाची गोष्ट त्यानं सालेहालाही सांगितली नव्हती.

थप्पीत शिसवाच्या चार फळ्या होत्या, जुन्या खोक्यांच्या देवदाराच्या दोन, आणि जांभळाच्या सहा. मधून वारा खेळावा म्हणून प्रत्येक फळीखाली बोटभर जाडीच्या पट्ट्या. फळी ताणकाट्याला अडकवायची, काटा थांबेपर्यंत श्वास धरायचा, आणि वजन फळीच्याच टोकावर पेन्सिलीनं लिहायचं. लाकडातलं पाणी उडत जातं तसं वजन उतरत जातं, आणि उतरायचं थांबलं की लाकूड तयार झालं.

जांभळाच्या तिसऱ्या फळीवर आकडे एकाखाली एक होते. नऊशे, आठशे वीस, सातशे साठ, सहाशे ऐंशी. गणपती बसले त्या आठवड्यात काटा सातशे चाळीसवर थांबला.

त्यानं फळी काढून पुन्हा अडकवली. पुन्हा सातशे चाळीस. काटा बिघडला म्हणून तो समोरच्या किराणावाल्याकडं गेला आणि किलोचं माप लावून बघितलं. काटा चोख होता. फळी गालाला लावली तर ती गार होती. बाहेर धुरळा उडत होता आणि माणसाच्या ओठांना चिरा पडत होत्या. अशा हवेत लाकडानं पाणी कुठून प्यावं, हे त्याला सुचेना. त्यानं आकडा लिहिला आणि गार झालेलं जेवण जेवला.

२

ते जांभूळ आलं होतं थोरलीवाडीच्या विहिरीतून.

जुन्या विहिरी बांधताना तळाला जांभळाच्या लाकडाचं कडं बसवत आणि त्याच्यावर दगडी बांधकाम उचलत. जांभूळ पाण्यात कुजत नाही. वैशाखात वाडीची ती विहीर खोल करायचं काम निघालं, तेव्हा खोदकाम करणाऱ्या टोळीचा मुकादम नागप्पा बाजारच्या दिवशी दुकानात येऊन म्हणाला, "उस्ताद, तळाला लाकूड लागलंय. लोखंडावानी हाय. पूर्वेकडचे दोन तुकडे ढिले झालेत. पायजेल का?"

हैदराबादचा त्याचा उस्ताद सांगायचा, शंभर वर्षं पाण्यात राहिलेलं लाकूड मिळालं तर जेवण सोडावं पण ते सोडू नये. आतला चीक सगळा धुऊन गेलेला असतो आणि राहतो तो निव्वळ आवाज. निजामोद्दीननं दुसऱ्याच दिवशी बैलगाडी ठरवली आणि बारा ओली पोती घेऊन वाडीला गेला.

पोत्यांचं कारण होतं. पाण्यातलं लाकूड वैशाखाच्या उन्हात उघडं पडलं तर तासाभरात तडकतं. सूर्य विहिरीच्या तोंडावर यायच्या आत ते वर काढून, गुंडाळून, गाडीत ठेवायला हवं होतं. म्हणून त्यानं सकाळपासून नागप्पाच्या मागं धोशा लावला. "चल, लवकर, यारी फिरव, ऊन चढून राहिलंय." यारी म्हणजे माल वर ओढायचा लाकडी दांडा आणि चाक. नागप्पाचे गडी चिडले, पण यारी फिरली. अकराच्या आत काळेशार, गळणारे दोन तुकडे गाडीत होते. निजामोद्दीननं त्यांच्यावर बोट आपटलं आणि त्याला लहान मुलासारखा आनंद झाला.

तिसऱ्या दिवशी विहिरीचं पूर्वेकडचं बांधकाम आत बसलं. आत कुणी नव्हतं, असा नागप्पाचा निरोप आला. निजामोद्दीनला वाईट वाटलं. आरा गिरणीवर फळ्या पाडून घेताना मात्र तो ते विसरून गेला.

३

दिवाळीनंतर वजन पुन्हा उतरलं आणि तीन शुक्रवार एकाच आकड्यावर राहिलं. म्हणजे लाकूड मुरलं. आता आवाज बघायचा.

या जांभळाची गिटार मारोतीसाठी व्हायची होती. मारोती अहमदपूरचाच, बौद्धवाड्यातला. लातूरला नव्या कलेक्टर कचेरीत कारकून लागला होता आणि रविवारी गाण्याची पार्टी घेऊन गावोगाव जायचा. चौदा एप्रिलला जयंतीच्या गायनाला त्याला स्वतःची गिटार हवी होती. "चाचा, उसनी गिटार घेऊन बाबासाहेबांचं गाणं म्हणायचा कंटाळा आला," असं तो म्हणाला होता. निजामोद्दीनला ते आवडलं होतं.

दुपारची वेळ होती. त्यानं तिसरी फळी दोन बोटांत वरच्या कोपऱ्याजवळ धरली, लोंबती ठेवली, आणि मधोमध उलट्या बोटानं टक् केलं. काय आवाज होता तो! भरलेला, लांबणारा. शिसवालाही इतका आला नसता. तो ऐकत राहिला. आवाज विरला, आणि विरल्यानंतर, किंचित थांबून, खालून कुठूनतरी 'डुबुक' झालं.

त्या वर्षी हा आवाज सगळ्या तालुक्याला पाठ होता. वाटेत विहीर दिसली की माणूस वाकायचा, खडा टाकायचा आणि कान द्यायचा. डुबुक झालं तर चेहरा सैल पडायचा. खडखड झालं तर पुढं चालू लागायचा.

त्यानं पुन्हा टक् केलं. पुन्हा थोड्या वेळानं डुबुक. डावा कान बोटानं दाबून उजव्यानं ऐकलं, उजवा दाबून डाव्यानं ऐकलं. दोन्हींत तेच. आतापर्यंत नुसतं सूं वाजत होतं, आता नसलेले आवाजही कान ऐकवायला लागले, म्हणजे दिवस भरले.

"सालेहा, जरा इकडं ये."

ती हात पुसत आली. त्यानं तिच्या कानाजवळ फळी धरून बोट आपटलं. "काय ऐकू येतं?"

"टक् झालं."

"नंतर?"

सालेहानं फळीकडं बघितलं, मग त्याच्याकडं. "नंतर काय? टक् झालं, संपलं. लाकूड हाय ते, अजान देनार हाय का?"

ती आत निघून गेली. निजामोद्दीन फळी मांडीवर घेऊन बसून राहिला. तिला ऐकू आलं नाही, म्हणजे दोष लाकडात नव्हता, कानात होता. हदगावचं दुकान, टायरचा वास आणि मेव्हण्याची प्रेमळ हाक हे सगळं त्याच्या डोळ्यांपुढं उभं राहिलं. मग त्यानं ठरवलं, कान पुरते जायच्या आत ही एक गिटार चांगली करायची. तिच्यानंतरचं तिच्यानंतर बघू.

४

पौषापासून त्यानं काम धरलं. गिटारीच्या बाजू वाकवायच्या तर पट्टी पाण्यात भिजवून गरम नळीवर हळूहळू दाबावी लागते. या जांभळाच्या पट्टीला पाणी लागलंच नाही. नळीला टेकवताच ती मऊ झाली आणि तिच्यातून वाफ निघाली. वाफेला गाळाचा वास होता.

रोज काम सुरू करायच्या आधी तो एकदा टक् करायचा. करायचं नाही असं ठरवून करायचा. पौषात टक् आणि डुबुक यांच्यामध्ये एक आकडा मोजून व्हायचा. माघात दोन. माघ संपता संपता तो चारपर्यंत मोजायला लागला. गावातल्या सगळ्या विहिरींचं पाणी जसं खाली चाललं होतं तसं हेही खाली चाललं होतं. निजामोद्दीन लई थकला होता. थकलेल्या माणसाला भीतीही पुरती वाटत नाही, तसं त्याचं झालं होतं. तो मोजायचा, आणि रंधा उचलायचा.

फाल्गुनात गिटारीचं खोकं चिकटवून बंद झालं. वर देवदार, मागं आणि बाजूंना जांभूळ, मधोमध मुठीएवढं गोल भोक. भोकातून दिसेल असा कागद त्यानं आत पाठीवर चिकटवला होता, 'निजामोद्दीन, अहमदपूर, जि. लातूर'. त्या दिवशी त्यानं टक् केलं तेव्हा डुबुक झालंच नाही. सहा मोजले, सात मोजले, आणि दगडावर खडा पडल्यासारखं कोरडं खट् झालं.

त्यानंतर दुसरा आवाज सुरू झाला. खर्र... थांबून पुन्हा खर्र. तो कुठं ऐकलाय हे आठवायला त्याला फार वेळ लागला नाही. विहिरीला पाणी राहिलं नाही की बाया दोरानं तळाला उतरतात आणि कपारीत झिरपलेलं पाणी वाटीनं खरवडून घागरीत भरतात. वाटी दगडाला घासते तेव्हा तसं वाजतं.

भर दुपार होती. छपरातल्या काचेतून उन्हाचा चौकोन थेट गिटारीवर पडला होता. निजामोद्दीननं स्वतःला समजावलं की भुसा हलत असेल, उंदीर असेल, कान असेल. आणि तो भोकावर वाकला.

त्याच्या डोक्याची सावली भोकावर पडली तशी खर्र थांबली. विहिरीच्या तोंडावर कुणी आलं की खालचं माणूस काम थांबवतं, तशी.

पाठ भोकापासून चार बोटांवर होती. तिथं कागद दिसायला हवा होता. कागद दिसला नाही. खाली अंधार होता, अंधाराच्या खाली आणखी अंधार, आणि फार खाली, बोटाच्या पेराएवढं कुणीतरी, कपाळावर आडवा हात धरून वर बघत होतं.

तो मागं सरला आणि भिंतीला आपटला. पुन्हा बघितलं तेव्हा कागद होता. 'जि. लातूर' मधला 'र' थोडा ओला होऊन पसरला होता.

५

चैत्र लागायच्या आत तो एसटीनं नांदेडला गेला. सालेहाला म्हणाला, तारा आणायच्या आहेत. तारा आणायच्याच होत्या, पण आधी तो कानाच्या डॉक्टरकडं गेला.

डॉक्टरनं त्याला काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर फोन चढवले आणि सांगितलं, आवाज आला की बोट वर करा. निजामोद्दीन बोट वर करत राहिला. शेवटी डॉक्टर हसला. "चाचा, डाव्या कानात नुसता मळ होता. तो काढला. बाकी कान विशीतल्या पोरासारखे आहेत. अजून वीस वर्षं काही होत नाही."

रस्त्यावर आल्यावर सूं थांबलेलं त्याच्या ध्यानात आलं. दोन वर्षांनी पहिल्यांदा डोक्यात शांतता होती. सायकलरिक्षाची घंटी, गुरुद्वाऱ्याकडून येणारं कीर्तन, उसाच्या रसाच्या गुऱ्हाळाचे घुंगरू, सगळं लख्ख ऐकू येत होतं. हेच त्यानं दोन वर्षं अल्लाकडं मागितलं होतं. आणि आता ते मिळाल्यावर तो फुटपाथवर बसला आणि त्याला रडू आलं. कान खराब निघाले असते तर हदगावला जाऊन तो सुखानं हवा भरत बसला असता.

परतताना अहमदपूरच्या अलीकडं रोजगार हमीच्या रस्त्याचं काम चाललं होतं. खडी फोडणाऱ्यांत त्याला नागप्पा दिसला. विहिरींचा मुकादम खडी फोडतोय हे बघून तो तिथंच उतरला.

"विहिरी सोडल्या?"

"सोडल्या." नागप्पानं हातोडा खाली ठेवला नाही.

"नागप्पा, खरं सांग. विहीर बसली तेव्हा खाली कोण होतं?"

"कोन न्हवतं, उस्ताद. सात मानसं खाली गेली, सात वर आली. मी सोता मोजली."

"मग विहीर का सोडली तू?"

नागप्पानं दोन दगड फोडले. मग हळूच बोलला. "यारी फिरवायच्या आदी आमी वाकून तीनदा हाक मारतो. खाली कोन हाय, म्हनून. मोजली असली तरी मारतो. माझ्या बापानं मारली, त्याच्या बापानं मारली. लाकूड काढायच्या दिवशी तुमची घाई चालली. मी मारली न्हाई."

"पण वाडीतलं कुणी हरवलं का?"

"वाडीतलं कोनीच न्हाई."

"मग झालं तर."

"झालं तर," नागप्पा म्हणाला. "पन दुस्काळात वाटंनं जानारं कोन कुठं पान्याला उतरतंय, ते कोन मोजून राहिलंय, उस्ताद? बाया रातच्या उतरायच्या तितं. चोरून. वाडीवाले बाहेरच्यांना पानी भरू देत न्हवते."

घाई निजामोद्दीनची होती. लाकूड तडकू नये म्हणून. त्याला त्या क्षणी स्वतःच्या हातांची किळस आली. राहिलेले चार किलोमीटर तो चालत गेला.

६

बारा एप्रिलला मारोती आला. पांढरा शर्ट, खिशाला पेन, आणि लग्नाला निघाल्यासारखा चेहरा. गिटार देऊ नये असं निजामोद्दीनच्या मनात शंभरदा आलं होतं. पण काय सांगून देऊ नये? वर्षभर वाट बघितलेल्या पोराला काय म्हणायचं?

मारोतीनं गिटार मांडीवर घेतली आणि पहिला झंकार काढला. समोरचा किराणावाला माप हातात घेऊन थांबला. गल्लीतून जाणारी माणसं थांबली. तीस वर्षांत निजामोद्दीनच्या हातून असा आवाज निघाला नव्हता. मारोतीचे डोळे भरून आले.

"चाचा, हे काय बनवलंत तुम्ही!"

त्यानं एक अख्खं गाणं म्हटलं. दुसऱ्याच्या मध्यात तो थांबला आणि घसा खाकरला. "चाची, घोटभर पाणी मिळेल का?"

सालेहानं पेला दिला. तो एका दमात प्याला. "अजून थोडं?" दुसरा प्याला, तिसरा प्याला. मग त्याला एकदम लाज वाटली. "माफ करा. टँकरचं पाणी, आणि मी आपला पीतच सुटलो. घसा असा कोरडा कधी पडला नव्हता."

"तुला काही ऐकू आलं का?" निजामोद्दीननं विचारलं.

"कशात?"

"गिटारीत. आत."

मारोतीनं गिटार कानाला लावली, हलवली, आणि हसला. "आवाजच आवाज आहे, चाचा." उद्या दुपारी कापडी खोळ घेऊन येतो आणि घेऊन जातो, असं सांगून तो उठला. जाताना कोपऱ्यावरच्या मशिदीच्या रांजणाशी थांबून त्यानं आणखी दोनदा ओंजळ भरून पाणी प्यायलेलं निजामोद्दीननं बघितलं.

सालेहा दारात उभी होती. ती मारोतीकडं बघत नव्हती. गिटारीकडं बघत होती.

७

दुसऱ्या दिवशी दुपारची, जोहरची नमाज पढून तो घरी आला तर दुकानाचं फळकूट आतून लावलेलं. मागच्या दारानं आत गेला. सालेहा खाली बसली होती. मांडीवर गिटार उताणी, शेजारी टँकरची भरलेली घागर, हातात लोटा. तारांच्या मधून, भोकात, ती पाण्याची बारीक धार सोडत होती.

"अगे, क्या कररी तू!" तो ओरडला आणि त्यानं गिटार हिसकावली. वर्षाची मेहनत होती ती. त्यानं ती उलटी केली आणि पाणी सांडायची वाट बघितली. थेंब पडला नाही. पाठीवरून हात फिरवला तर ती कोरडी होती. वजनही तेवढंच होतं.

"कवापासून ऐकून राहिलेव तुमी?" सालेहानं विचारलं. ती मराठीत बोलत होती, पण आवाजात राग नव्हता.

"तू तर म्हणाली होतीस, ऐकू येत नाही."

"म्हनलं असतं तर तुमी लाकूड चुलीत घातलं असतं." तिनं पदरानं तोंड पुसलं. "मी गनपतीच्या आदीपासून घालून राहिले. फळ्या होत्या तवापासून. आपल्या वाट्याचं घालते, दुसऱ्याचं न्हाई. कोनी मागून राहिलं तर न्हाई कसं म्हनायचं?"

टँकरपाशी शेजारणीला पेलाभर पाणी जास्त जाऊ न देणारी ही बाई. वर्षभर तिचे गाल का बसत गेले आणि ती स्वतः पाणी पिताना का दिसत नव्हती, हे त्याच्या आता ध्यानात आलं. त्याला तिची दया आली आणि भीती वाटली. दोन्ही एकदम.

"द्या इकडं," ती म्हणाली.

त्यानं गिटार तिच्या मांडीवर ठेवली. तिनं लोटा भरला आणि धार सोडली. निजामोद्दीन कान देऊन बसला. आधी काहीच नाही. दहा मोजले, पंधरा मोजले. मग खूप खालून, भांड्यात पाणी पडायचा आवाज आला.

रिकामं भांडं भरताना आवाज जाड असतो आणि भरत जातं तसा सूर चढत जातो. हे त्याच्याइतकं कुणाला कळणार? सूर चढत गेला, बारीक झाला, गळ्याशी आला आणि थांबला. भांडं भरलं. दगडावरून सरकवल्याचा खर्र आवाज झाला. त्या जागी दुसरं भांडं टेकवलं गेलं. मोठं आणि रिकामं. त्याच्यामागं आणखी कुणीतरी आपलं भांडं खाली ठेवलं. त्याच्यामागं आणखी. बांगड्या वाजल्या, एक म्हातारं माणूस खोकलं, आणि रांगेत पुढं सरकताना पाय घासतात तसे पाय घासले.

"किती हायत?" त्यानं विचारलं.

"पैल्यांदा एकच होती," सालेहा म्हणाली. "आता मी मोजत न्हाई."

तिनं घागर कलती केली. ती संपली होती. टँकर परवा यायचा होता. घरात आता एकच घागर उरली होती, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, ओल्या फडक्यानं झाकलेली.

बाहेर फळकुटावर थाप पडली. "चाचा! खोळ आणलीय! उघडा की!" मारोतीचा आवाज उत्साहानं फुटत होता. निजामोद्दीनला तो नीट ऐकू आला. खालचंही सगळं नीट ऐकू येत होतं, एकेक भांडं, एकेक पाऊल. डॉक्टरनं वीस वर्षं सांगितली होती.

सालेहा उठली आणि स्वयंपाकघरात गेली. भरलेली घागर तिच्यानं उचलवेना. दोनदा तिनं प्रयत्न केला. मग तो उठला, आणि ती घागर त्यानंच उचलून आणली.